आमचा पांगुळगाडा

बडोद्यातल्या आमच्या मराठी घरांत पांगुळगाड्याला मुलं शेजाऱ्यांचं ऐकून 'चालणगाडी' म्हणत. तीन लाकडी चाकं, वर धरायला दांडी. आमचा गाडा वडिलांनी १९५२ साली संखेड्याच्या खराद्याकडून आणलेला, लाखेच्या रंगाचा. आम्ही भावंडं, पुढे माझी दोन्ही मुलं त्यावरच चालायला शिकलो. यात मूल आधी धरून उभं राहतं, तोल सांभाळतं, मगच पाऊल टाकतं. भार स्वतःच्याच पायांवर. प्लास्टिकच्या गोल वॉकरमध्ये बसल्या बसल्या ते सुसाट सुटतं, जिन्यावरूनही कोसळतं. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. नात आता दहा महिन्यांची झालीय. मुलाला म्हटलं, वॉकर नको. माळ्यावरचा गाडा उतरवलाय. जवळ कुणीतरी हवंच, ते काम माझं. तुमच्याकडे आहे का हो अजून?