ताटात होणारं लोणी

सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया किंवा तीळ भाजायचे, तेल सुटेपर्यंत वाटायचे आणि पावाला लावायचे, ही कृती ‘सीड बटर’ या नावानं आता घरोघरी होऊ लागली आहे. शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या डब्यासाठी ती सोयीची आहे, यात वाद नाही. वाद आहे तो तिला नवी म्हणण्याबद्दल. शेंगदाण्याच्या लगद्याचं अमेरिकी पेटंट मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसननं घेतलं ते १८८४मध्ये; बियांचा लगदा त्याच्या कितीतरी आधीचा. १३व्या शतकातल्या अरबी पाकग्रंथांत ताहिनी आहे. आणि आपल्याकडे तर पर्यायी समजला जाणारा हा पदार्थच मूळचा, शेंगदाणा मागून आलेला.

सगळ्यात जुना पुरावा आपल्या तोंडी आहे. ‘तैल’ हा शब्द ‘तिल’वरून आला, म्हणजे ‘शेंगदाण्याचं तेल’ म्हणताना आपण शब्दशः शेंगदाण्यातून तिळाचा रस काढत असतो! हडप्पाच्या उत्खननात जळलेले तीळ मिळाले आहेत, आणि कुटलेल्या तिळाला संस्कृतात ‘पलल’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्याला स्वतंत्र नाव पडलं, तो पदार्थ क्वचित कधीतरी होणारा नसणार. उलट भुईमुगाचं नाव पाहा: जमिनीखाली येणारा मूग. ओळखीच्या पिकाचं नाव उसनं घ्यावं लागलं, कारण हा पाहुणा दक्षिण अमेरिकेतून, युरोपीय जहाजांचे मार्ग खुले झाल्यावर इकडे आला. एकोणिसाव्या शतकात मार्सेच्या साबण-कारखान्यांना तेल हवं होतं, त्या मागणीनं हिंदुस्थानात त्याची लागवड फोफावली. दाण्याचा कूट मग भाजीत, कोशिंबिरीत आणि थेट उपवासाच्या ताटात जाऊन बसला. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची आणि दाणे, चारही अमेरिका खंडांतले. इतक्या अलीकडच्या पाहुण्यांना आपण सोवळ्यात घेतलं आणि कारळ्यासारखं जुनं बी मात्र खेड्यातलं म्हणून मागे सारलं, हे गमतीचंच.

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे बियांची होते ती चटणी, आणि तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी कोरडी असते; तिला लोणी कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, पण कारण हात न वळण्याचं नाही. सोलापूरकडे शेंगाचटणी उखळात तेल सुटून गोळा होईपर्यंत कुटतात. म्हणजे किती कुटलं की काय होतं, हे कुटणारीला पक्कं ठाऊक होतं. फरक पडला तो भाकरीमुळे. पावाची चकती सुरीनं माखता येते, ज्वारीची भाकरी मोडून खायची असते. ताटात चटणीला आळं करून त्यात कच्च्या तेलाची धार सोडली, बोटानं कालवलं, की तुकड्याला लागेल असं लोणी तिथेच तयार होतं. बरणीत कोरडं आणि ताटात ओलं, ही विभागणी शहाणपणाची आहे. जवसाचं तेल हवेनं फार लवकर खवट होतं. अख्खं बी मात्र आपल्या टरफलात महिनोन्महिने सुखरूप राहतं. म्हणून लागेल तेवढंच भाजायचं, लागेल तेवढंच कुटायचं. शिवाय ताहिनी मऊ होते ती बहुधा साल काढलेल्या, आपण ज्यांना पॉलिशचे म्हणतो तसल्या, तिळांमुळे. कारळं आणि जवस सालीसकटच कुटतात, त्यांना तो रेशमी पोत यायचा नाही. तो यावा असं कोणाला वाटतही नव्हतं. दाताखाली येणारी कणी हा चटणीचा गुणच.

अर्थात आजची चटणी जशीच्या तशी प्राचीन आहे असं म्हणणं म्हणजे पुराव्याला बगल देणं. तिच्यातलं लाल तिखट भुईमुगाच्याच वाटेनं आलं. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा. सूर्यफुलाची कथा तर आणखी अलीकडची: तेलबी म्हणून रशियन वाण इकडे आले ते १९६९मध्ये, म्हणजे दख्खनी ताटात सूर्यफूल भुईमुगाहूनही परकं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिया म्हणजे निर्धोक, असं समीकरण मांडू नये. भुईमूग वनस्पतिशास्त्रात कडधान्यांच्या कुळातला, तरी त्याची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते, तशीच तिळाचीही. अमेरिकेनं २०२१च्या कायद्यानं तिळाला नववा प्रमुख ॲलर्जीकारक ठरवलं आणि १ जानेवारी २०२३पासून वेष्टनावर त्याची नोंद सक्तीची केली. तेव्हा जुनेपणा हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. माझं म्हणणं एवढंच की शेंगदाण्याविना घरचं लावण शोधायला परदेशी बरणीपासून सुरुवात करायची गरज नव्हती.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर खुरासणी, म्हणजे हेच कारळं, अजून पेरतात. पावसाळा सरता सरता तिथली वरकस जमीन पिवळी होते. हे बी मूळचं इथिओपियाचं, पण इथे इतकं जुनं की कोणी त्याला परकं म्हणत नाही. भारतातून ते अमेरिकेलाही जातं. त्यात मिसळलेलं तणाचं बी रुजू नये म्हणून त्याला आधी उष्णता देतात आणि मग ते अंगणात टांगलेल्या नळकांड्यांतून पाखरांना घालतात.