संत गोन्सालो गार्सिया यांचें धैर्य

आपल्या देवळांतून संत गोन्सालो गार्सिया यांची मूर्ति बहुधा क्रूस व भाले यांसह असते. त्यामुळें ज्या दिवशीं ते क्रुसावर चढले त्याच दिवशीं त्यांस धैर्य प्राप्त झालें, अशी भाविकांची समजूत होऊन बसते. ज्युबिलीच्या या अंकासाठीं ख्रिस्ती धैर्याविषयीं लिहावयास बसलों, तेव्हां हीच समजूत प्रथम तपासून पाहावी असें आम्हांस वाटलें. या हुतात्म्याच्या सुमारें चाळीस वर्षांच्या आयुष्यांतील अखेरचा महिना सर्वांस ठाऊक असतो. त्याआधींच्या वर्षांकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं.

१५५६ च्या सुमारास वसई येथें त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, मातोश्री याच मुलखांतल्या. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें, आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथें त्यांनीं सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें व जपानी भाषा उत्तम रीतीनें आत्मसात केली. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती सफल झाली नाहीं. हिंदुस्थानांत जन्मलेल्या किंवा मिश्र रक्ताच्या तरुणांस संघांत घेण्यास त्या काळचे वरिष्ठ कचरत असत, हें इतिहासास ठाऊक आहे. आपल्यांतील कितीएक जण एवढ्यावरच रुसून देवळाची पायरी सोडतात! गोन्सालो यांनीं व्यापार धरला, त्यांत त्यांस बरकतही आली. परंतु मन रमेना. शेवटीं ते फिलिपिन बेटांतील मनिला शहरीं गेले आणि फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांस कधींच मिळाली नाहीं. मिस्सा अर्पण करण्याचा किंवा प्रायश्चित्त देण्याचा अधिकार नसलेला हा मनुष्य. त्याच्यापाशीं होती ती केवळ भाषा.

तीच भाषा पुढें कामास आली. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें फिलिपिन बेटांकडून शरणागतीची मागणी केली होती. तेव्हां मनिलाच्या गव्हर्नरानें १५९३ सालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरु पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून पाठविलें, आणि दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. नागोया येथील छावणींत भेट झाली. कोरियावर फौजा धाडून बसलेला तो सत्ताधीश. त्याच्या एका शब्दानें मस्तकें उडत. १५८७ मध्येंच त्यानें मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. वाचकांनीं क्षणभर दुभाष्याची जागा कोणती असते याचा विचार करावा. वकिलाचे शब्द धन्यास समजत नाहींत, धन्याचा संताप वकिलास समजत नाहीं. दोन्ही बाजूंचें सर्व ओझें मधल्या माणसाच्या जिभेवर. एखादा शब्द गाळला, एखादा सौम्य केला, तर कोणास कळणार? अशा जागीं उभें राहून सरळ बोलणें हें धैर्याचें मोठें काम आहे, असें आमचें मत आहे. हिदेयोशीनें त्यांस राहण्याची परवानगी दिली. क्योतो शहरीं त्यांनीं मठ व देऊळ उभारलें, आणि महारोग्यांसाठीं इस्पितळें चालविलीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. १५८७ च्या हुकुमानंतर येशूसंघीय गाजावाजा न करितां सावधपणें काम करीत होते. फ्रान्सिस्कन मात्र झगा घालून उघडपणें उपदेश करीत. यावरून दोन्ही संघांत बराच वाद झाला. आम्हीं कोणासही भित्रा म्हणणार नाहीं. दूरदृष्टि हाही सद्गुणच आहे, आणि हुतात्म्याचें मरण आपण होऊन ओढवून घ्यावें अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाहीं. संत थॉमस अक्वायनास यांनीं तर हल्ला करण्यापेक्षां सहन करणें हेंच धैर्याचें मुख्य कृत्य मानिलें आहे. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत हा सिद्धांत आम्हांस रुक्ष वाटे. क्योतोची हकीकत वाचल्यावर तो तसा वाटत नाहीं.

१५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरील माल हिदेयोशीनें जप्त केला. मिशनऱ्यांच्या पाठोपाठ स्पेनचें लष्कर येतें, अशी बढाई गलबतावरील एका अधिकाऱ्यानें मारली असें म्हणतात; इतिहासकारांत याविषयीं एकमत नाहीं. परिणाम मात्र उघड झाला. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांभोंवतीं पहारे बसले. पकडावयाच्या माणसांत मथायस नांवाचा एक जण होता. शिपायांनीं हांक मारली तेव्हां तो तेथें नव्हता. शेजारचा दुसरा मथायस पुढें होऊन म्हणाला कीं, माझेंही नांव मथायसच, आणि मीही ख्रिस्तीच आहें. शिपायांनीं त्यालाच नेलें. त्यास कोणीं हांक मारली नव्हती.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढिली. मग ऐन हिंवाळ्यांत शेंकडों मैल चालवीत त्यांस नागासाकीकडे नेलें. वाटेंत त्यांची शुश्रूषा करणारे दोघेजण पकडले जाऊन चोविसांचे सव्वीस झाले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुई नांवाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. धर्म सोडल्यास जीव वांचेल, असें त्यास सांगण्यांत आलें. तो कबूल झाला नाहीं. ज्यांच्या घरीं त्याच वयाचीं मुलें आहेत, त्यांनीं तीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत काय शिकतात याची एकदां तरी चौकशी करावी.

५ फेब्रुवारी रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले आणि भाल्यांनीं एकेकाचा अंत करण्यांत आला. १६२७ मध्यें पोप आठवे उर्बन यांनीं फ्रान्सिस्कन हुतात्म्यांस धन्य म्हणून घोषित केलें. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं सर्व सव्विसांस संतपद दिलें. हिंदुस्थानच्या भूमींत जन्मून संतपदास पोंचलेले गोन्सालो हे पहिले. तोंवर वसईचा पोर्तुगीज अंमल जाऊन शंभरांवर वर्षें लोटलीं होतीं, आणि किल्ल्यांतील मठ ओसाड पडले होते. हल्लीं सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या पंचांगांत ६ फेब्रुवारी हा दिवस संत पॉल मिकी व त्यांचे सोबती यांच्या नांवें आहे. वसईचा दुभाषी तेथें त्या सोबत्यांपैकीं एक.