कॅव्हेंडिशचा बुडबुडा

साल १७८५. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. बोलू नका, अनोळखी माणूस दिसला की हे गृहस्थ पाठ फिरवून निघून जातात. अंगात विटलेला जांभळा कोट, सगळं लक्ष मेजावरच्या वाकड्या काचनळीवर.

जरा वाकून पाहा. नळीची दोन्ही तोंडं पाऱ्याच्या पेल्यांत बुडवलेली आहेत. वरच्या बाकात हवा कोंडलीय, तिच्याखाली क्षाराचं थोडं पाणी. विद्युतयंत्र फिरू लागतं आणि हवेतून ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीसरशी थोडा नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो, ते संयुग क्षारात विरतं, पारा केसभर वर सरकतो. ऑक्सिजन कमी पडला की आणखी आत सोडायचा आणि पुन्हा ठिणग्या. तासन्‌तास हेच. कॅव्हेंडिशना जाणून घ्यायचंय ते एवढंच : ज्योत विझवणारा हवेचा हा मोठा हिस्सा सगळा एकच पदार्थ आहे का?

शेवटी जादा ऑक्सिजनही शोषून घेतला. आता नळीत काही उरायला नको. तरी एक इवलासा बुडबुडा उरलाय. दुसऱ्या कुणी तो प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. कॅव्हेंडिश तो मोजतात आणि नोंदवतात : वेगळं काही असलंच, तर ते त्या हिश्श्याच्या १/१२० हून अधिक नाही. इतका प्रामाणिक आकडा विज्ञानात क्वचितच सापडतो, असं मला मनापासून वाटतं.

आता १८९४ मध्ये या. लॉर्ड रॅले हैराण आहेत. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरतो, रसायनांपासून केलेला १.२५०५. इतका नेमका तराजू चुकेल कसा? कॅव्हेंडिशचा तो जुना प्रयोग ते पुन्हा करून पाहतात. तिकडे विल्यम रॅम्झी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन परत परत सोडतात. मॅग्नेशियम नायट्रोजन गिळतं; कशाशीच न जुळणारा एक वायू मागे राहतो. तोच आर्गॉन.

कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ आणि आर्गॉन ०.९३. कॅव्हेंडिशच्या काळी दहा लाखांत २८० भागांच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या पुढे गेलाय, पण आर्गॉन त्याच्याही वीसपट आहे. तुमच्या साध्या अर्ध्या लिटरच्या श्वासात तो जवळपास चमचाभर असतो. जवळजवळ सगळा आलाय तो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून, अब्जावधी वर्षांत.