जपानी भावगीतांचे इंग्रजी अनुवाद

जपानमध्ये शाळांतून आणि घरांतून पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या ‘जोजोका’ म्हणजे भावगीतांना इंग्रजी शब्द देण्याचे काम. यात मुख्यतः दोन प्रकारची गाणी येतात: सरकारी क्रमिक पुस्तकांतली शालेय गाणी (शोका) आणि सुझुकी मिएकिची यांनी १९१८ मध्ये काढलेल्या ‘आकाई तोरी’ मासिकामुळे बहरलेली बालगीते (दोयो). देवाणघेवाण सुरू झाली ती मात्र उलट्या दिशेने. १८८१ च्या शालेय संग्रहातले ‘होतारु नो हिकारि’ हे स्कॉटिश चालीवर बसवलेले जपानी शब्द आहेत.

पहिली अडचण मापाची. जपानी गाण्यात साधारणपणे एका स्वराला एक लघू अक्षर बसते. ‘कोजो नो त्सुकि’ (१९०१, शब्द दोइ बान्सुइ, संगीत ताकि रेन्तारो) सात-पाच अक्षरांच्या वृत्तात आहे. अशा बारा अक्षरांत जपानीचे चार-पाच शब्द मावतात, इंग्रजीचे आठ-दहा. त्यामुळे अनुवादकाला जागा कमी पडत नाही, उलट उरते. आणि उरलेल्या जागेत तो विशेषणे, उसासे, मुळात नसलेले अश्रू भरतो. या गाण्यांचे सर्वांत मोठे नुकसान या भरतीने केले आहे. ती जागा लांबवलेल्या स्वराला सोडून द्यावी, हेच योग्य.

दुसरी अडचण कर्त्याची. जपानी वाक्यात ‘मी’ न सांगताही चालते, एकवचन-अनेकवचनही बहुधा मोघम राहते. ‘फुरुसातो’ (मूळ गाव; १९१४, शब्द ताकानो तात्सुयुकि, संगीत ओकानो तेइइचि) या गाण्यात डोंगर, नदी, मित्र, आईवडील सारे आहेत, पण ‘मी’ हा शब्द नाही. म्हणूनच ते गाणाऱ्या प्रत्येकाचे होते. इंग्रजीत ‘माय’ आला की गाव एकाच माणसाचे होते. शिवाय ‘फुरुसातो’ची अक्षरे चार आणि ‘होमटाउन’ची दोन. त्यातला ‘टाउन’ तर त्या डोंगराळ खेड्याला अजिबात शोभत नाही.

या साऱ्या अडचणी एकत्र भेटतात त्या ‘आकातोंबो’ (लाल चतुर) या गाण्यात. मिकि रोफू यांनी ही कविता १९२१ मध्ये, होक्काइदोतल्या ट्रॅपिस्ट मठात शिकवत असताना लिहिली. यामादा कोसाकु यांनी तिला १९२७ मध्ये चाल दिली. पहिल्या कडव्यातल्या ‘ओवारेते’ या शब्दाचा अर्थ कानाला ‘पाठलाग होत असता’ असाही लागतो आणि जपानी मुलेही तो तसा घेतात. खरा अर्थ ‘पाठीवर घेतलेले असता’. मराठीत त्याला ‘पाठुंगळी’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजी ‘पिगीबॅक’ला खेळाचा वास येतो. पाठीवर घेणारी ती ‘नेएया’, म्हणजे मूल सांभाळायला ठेवलेली गरीब घरची पोर. काही अनुवादांत तिची सख्खी बहीण होते. ‘नॅनी’ म्हणावे तर इंग्लंडातला श्रीमंत वाडा उभा राहतो. रोफूंच्या लहानपणीच आईवडिलांची फारकत झाली होती. पोरीचे लग्न होऊन ती दूर जाते तेव्हा मूल दुसऱ्यांदा पोरके होते, आणि कवी हे शब्दांत कुठेच सांगत नाही. अनुवादकानेही ते सांगू नये.

चालीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. बोलण्यात स्वर जिथे चढतो तिथेच चाल चढावी, हा यामादांचा आग्रह होता. त्या काळच्या टोकियोत ‘आकातोंबो’चा ‘आ’ उंच बोलला जाई, चालीतही तो उंच आहे. इंग्रजीत उंचीपेक्षा आघाताला महत्त्व. उंच स्वरावर आघातहीन ‘द’ किंवा ‘ऑफ’ आला की अर्थ बरोबर असूनही ओळ मोडते.

वाचायचा अनुवाद आणि गायचा अनुवाद ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच पाठात दोन्ही साधण्याचा हट्ट धरू नये. आणि या कामाला हात घालणाऱ्याने शब्दकोश उघडण्याआधी मूळ गाणे जपानीतच तोंडपाठ करून गावे.