आकड्यामागील नाम: ग्राफिक्स कार्डांच्या तक्त्यांविषयी

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांची तुलना करणारे तक्ते आम्ही वाचतो ते शब्दांच्या ओढीने, असे म्हटले तर तंत्रज्ञ मंडळी हसतील. परंतु १९९६ पासूनचे हे तक्ते एकापुढे एक मांडून पाहिले की जे दिसते ते साहित्याच्या अभ्यासकाला मुळीच अपरिचित नाही. उजव्या रकान्यातल्या संख्या वाढत जातात, आणि डाव्या रकान्यातली नामे निमूटपणे आपला अर्थ बदलत राहतात. गिऱ्हाईक पाहतो उजवा रकाना. पैसे मात्र डाव्याच्या भरवशावर मोजतो.

प्रारंभी हिशेब सोपा होता. थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'वूडू' कार्ड १९९६ साली आले. त्याचे घड्याळ ५० मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला पाच कोटी ठोके; आणि दर ठोक्याला एक पिक्सेल, अर्थात पडद्यावरचा एक ठिपका, रंगवून तयार. म्हणून क्षमता सेकंदाला पाच कोटी पिक्सेल. त्या काळच्या ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या पडद्याला भागून पाहावे तर सेकंदाला १६० हून अधिक चित्रे निघावीत. प्रत्यक्षात तेवढी निघत नसत, कारण भिंत रंगवून झाल्यावर तिच्यापुढचा खांब आणि खांबापुढचा शिपाई त्याच ठिपक्यांवर पुन्हा रंगवावा लागे. 'सैद्धांतिक क्षमता' म्हणतात ती हीच: किती एकके आहेत, घड्याळ किती वेगाने चालते आणि एका ठोक्यात एक एकक किती काम उरकते, या तिघांचा गुणाकार. कोणतेही एकक क्षणभरदेखील रिकामे बसत नाही, हे त्यातले गृहीतक.

एनव्हिडियाच्या १९९९ मधील 'जीफोर्स २५६' ने हे गृहीतक उघडे पाडले. १२० मेगाहर्ट्झ आणि ठोक्याला चार पिक्सेल, म्हणजे सेकंदाला ४८ कोटी. आता ३२ बिटी रंगाचा एक पिक्सेल लिहायला ४ बाइट लागतात. तो दृश्यात किती खोल आहे हे आधी वाचून पाहायला ४ आणि नवी खोली नोंदवायला आणखी ४. एकूण १२. म्हणजे ४८ कोटी पिक्सेलांसाठी सेकंदाला ५७६ कोटी बाइटांची ये-जा हवी. आणि या कार्डाच्या पहिल्या आवृत्तीची मेमरी देऊ शके सुमारे २६६ कोटी. पुरवठा मागणीच्या निम्म्याहूनही कमी! दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, दोनचार ओळींच्या अंतरावर छापलेले असत. पाचवीतल्या मुलाला जमणारा हा गुणाकार करून पाहायची सवय मात्र फार थोड्यांना होती. पुढच्याच वर्षी आलेल्या 'जीफोर्स २ जीटीएस' च्या नावातले 'जीटीएस' हे 'गीगाटेक्सेल शेडर' चे लघुरूप होते. तक्त्यातली सैद्धांतिक संख्या आता थेट वस्तूचे नाव झाली.

याच सुमारास, २००१ मध्ये, 'कायरो २' हे एक विलक्षण कार्ड बाजारात आले. तक्त्यात ते अगदीच गरीब: १७५ मेगाहर्ट्झ, ठोक्याला दोनच पिक्सेल, मेमरीही साधीच. पण त्याची रीत निराळी होती. पडद्याचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात शेवटी कोणते पृष्ठ दिसणार हे ते आधी ठरवी आणि तेवढेच रंगवी. (मनात ओळ पक्की होईतो कागदाला लेखणी न लावणारे लेखक असतात, त्यांची आठवण व्हावी.) जिथे वस्तूंमागे वस्तू दडलेल्या असतात अशा खेळांत ते कधीकधी कितीतरी महागड्या कार्डांच्या बरोबरीला येई. 'पिक्सेल रंगवणे' या एकाच क्रियापदाचे येथे दोन अर्थ झाले होते, आणि तक्त्याला एकच ठाऊक होता.

पुढे नामेच वादाचा विषय झाली. २००३ सालच्या 'जीफोर्स एफएक्स ५८००' बद्दल ठोक्याला आठ पिक्सेल असे सांगितले गेले. परीक्षकांनी खणून पाहिले तेव्हा रंगासह पिक्सेल चारच निघत, आणि आठ निघत ते केवळ खोलीच्या वगैरे नोंदी करताना. २००६ च्या 'जीफोर्स ८८०० जीटीएक्स' मध्ये १२८ 'स्ट्रीम प्रोसेसर' होते, १.३५ गीगाहर्ट्झचे. त्यांचे एका ठोक्यातले काम म्हणजे एक गुणाकार व एक बेरीज असे मोजले तर सेकंदाला सुमारे ३४६ अब्ज क्रिया होतात. सोबतचा आणखी एक गुणाकार धरला तर ५१८ अब्ज. तो जादा गुणाकार सर्वसाधारण कामात क्वचितच हाती लागे. पुढल्या वर्षी एएमडीने 'रेडिऑन एचडी २९०० एक्सटी' आणले, त्यात प्रोसेसर ३२०, क्षमता ४७५ अब्ज. परंतु हे ३२० पाच-पाचांच्या ६४ टोळ्यांत बांधलेले होते, आणि परस्परांवर न अवलंबणाऱ्या पाच क्रिया एकदम सापडल्या नाहीत की टोळीतले काही जण हात बांधून उभे. स्वतः एएमडीनेच ते ८८०० जीटीएक्सच्या नव्हे, तर त्याहून स्वस्त जीटीएसच्या स्पर्धेत उतरवले. १२८ आणि ३२० यांची तुलना, आमच्या मते, दोन भिन्न वृत्तांतल्या कवितांची अक्षरे मोजण्यासारखी होती.

मग हे तक्ते टाकाऊ समजावेत काय? मुळीच नाही. एकाच घराण्यातल्या दोन कार्डांत नामांचा अर्थ स्थिर असतो. त्याच ८८०० जीटीएक्सचे धाकटे भावंड जीटीएस घ्या: ९६ प्रोसेसर, १.२ गीगाहर्ट्झ. गणनक्षमतेत थोरला दीडपट, मेमरीच्या वेगात १.३५ पट (८६.४ विरुद्ध ६४ गीगाबाइट). यावरून थोरल्याच्या आघाडीचा अंदाज बांधता येतो. घराणे बदलले, किंबहुना पिढी बदलली, की तो फसू लागतो. २०२० च्या 'आरटीएक्स ३०८०' मध्ये 'कोर' ८७०४, दोन वर्षे आधीच्या '२०८० टीआय' च्या नेमके दुप्पट. कारण पूर्णांकांसाठी राखलेल्या मार्गावरून आता अपूर्णांकी क्रियाही करता येऊ लागल्या, आणि तोही मार्ग 'कोर' म्हणून मोजला गेला. पूर्णांकांचे काम आले की तो त्यात गुंतणारच. सैद्धांतिक क्षमता दुपटीच्या वर गेली. खेळांतली वाढ तिच्या जवळपासही पोचली नाही.

'जीटीएक्स ९७०' चे प्रकरण याहून वेगळे. सप्टेंबर २०१४ मध्ये ते आले तेव्हा चित्राला अखेरचे रूप देणारी एकके तक्त्यात ६४ होती. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने ती ५६ असल्याचे मान्य केले. हा सरळसरळ चुकीचा आकडा. मेमरीची गोष्ट मात्र नाजूक होती. कार्डावर ४ गीगाबाइट मेमरी खरोखरच होती, पण तीतला शेवटचा अर्धा गीगाबाइट उरलेल्या साडेतीनांपेक्षा पुष्कळच संथ होता. अमेरिकेतल्या ग्राहकांनी दावा लावला, आणि २०१६ मध्ये कंपनीने कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड केली.