पार्सलची खिडकी : बार्बेक्यूच्या धुरामागचा इतिहास

१/१४
टेक्सासमधील बार्बेक्यूच्या दुकानातून पार्सल घेतले, की हाती येते ते जाड तपकिरी कागदाचे, चरबीचे डाग पडलेले पुडके. आत ब्रिस्केटचे, म्हणजे गोमांसातील छातीच्या भागाचे, काळ्या कडांचे काप असतात; शेजारी बरगड्या आणि सॉसेज; जोडीला पांढरा पाव, काकडीचे लोणचे, कच्चा कांदा. आज हे पुडके निव्वळ सोय म्हणून घेतले जाते. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेत एक काळ असा होता, की ‘घेऊन जा’ या दोन शब्दांचा खरा अर्थ ‘येथे बसू नका’ असा होता. त्या काळाची ही कथा.

२/१४
‘बार्बेक्यू’ या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत सापडते. जमिनीपासून उंचावर बांधलेल्या लाकडी मांडवाला असलेला हा शब्द स्पॅनिश वसाहतकारांनी ‘बार्बाकोआ’ या रूपात उचलला. इंग्रजांच्या व्हर्जिनियासारख्या वसाहतींत त्याला सामाजिक समारंभाचा अर्थ चिकटला. अलेक्झांड्रियातील अशा एका बार्बेक्यूला गेल्याची नोंद जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९ च्या रोजनिशीत आहे.

३/१४
या पाककृतीचा गाभा मसाल्यात नसून वेळेत आहे. छाती, खांदा आणि बरगड्या हे जनावराचे चिवट भाग. त्यांतील कोलॅजन हा तंतुमय पदार्थ मंद उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन बनतो आणि मांस मऊ होते. त्यासाठी भट्टीचे तापमान सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस राखावे लागते आणि मोठ्या ब्रिस्केटला बारा तासांहून अधिक वेळ लागू शकतो. लाकडाच्या धुरातील वायूंचा मांसातील मायोग्लोबिनशी संयोग होऊन पृष्ठभागाखाली गुलाबी कडा उमटते. म्हणजेच, स्वस्त मांसाला चव देण्याची किंमत कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणाने चुकवावी लागते.

४/१४
हे जागरण कोणाचे होते? गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील मोठ्या बार्बेक्यूंची मेहनत बहुतांशी गुलाम कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येई. जमिनीत लांब चर खणणे, लाकडे जाळून निखारे करणे, आख्खी डुकरे रात्रभर उलटसुलट करीत त्यांवर व्हिनेगर आणि लाल मिरचीचे पाणी शिंपडणे, ही सर्व कामे त्यांची. सकाळी मालक पाहुण्यांसह जेवायला बसे. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि हेच कसब अनेक मुक्त कुटुंबांच्या हाती पोटापाण्याचा धंदा म्हणून उरले.

५/१४
कागदी पुडक्याची मुळे मात्र निराळी आहेत. मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी मांसाची दुकाने थाटली. शीतपेट्या नसल्याने न विकलेले मांस धुरावर शिजवणे आणि उरलेल्या तुकड्यांचे सॉसेज करणे हा नासाडी टाळण्याचा मार्ग होता. लॉकहार्ट गावात चार्ल्स क्रॉइट्स यांनी १९०० मध्ये सुरू केलेले दुकान याच परंपरेतले. मांस वजनावर विकायचे आणि कागदात गुंडाळून द्यायचे, ही खाटकाच्या दुकानाचीच रीत. कापूसवेचणीच्या हंगामात येणारे मजूर हे अशा दुकानांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक होते.

६/१४
त्याच सुमारास उत्तरेकडे मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीत दुसरी वाट तयार होत होती. टेनेसी राज्यातील मेम्फिसजवळ जन्मलेले हेन्री पेरी हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९०७ मध्ये त्या शहरात आले आणि पुढच्या वर्षी एका गल्लीत त्यांनी गाडा टाकला. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले धुरावलेले मांस ते पंचवीस सेंटला विकत. १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चार्ली ब्रायंट यांच्याकडून तो धंदा १९४६ मध्ये भाऊ आर्थर यांच्याकडे आला. ज्यांना भांडवल आणि पांढऱ्या चादरींची टेबले परवडत नव्हती, त्यांच्यासाठी पार्सल ही स्वावलंबनाची पहिली पायरी होती.

७/१४
याच पार्सलचा दुसरा चेहरा दक्षिणेत दिसत होता. वर्णभेदी कायदे आणि रूढी यांमुळे तेथील अनेक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना आत बसण्याची मनाई असे. मागचे दार किंवा बाजूची खिडकी त्यांच्यासाठी. पैसे घ्यायचे, पुडके द्यायचे आणि गिऱ्हाइकाने ते उन्हात, रस्त्याकडेला किंवा घरी नेऊन खायचे. पदार्थ तोच, दरही तोच. फरक फक्त खुर्चीचा.

८/१४
अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरातले ‘ऑलीज बार्बेक्यू’ हे असेच एक ठिकाण. मॅक्लंग कुटुंबाचे हे उपाहारगृह धुरावलेले मांस आणि घरगुती पाय यांसाठी प्रसिद्ध होते. आत २२० जणांच्या बैठकीची सोय होती. पण १९२७ मध्ये सुरू झाल्यापासून तेथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला बसून खाता आले नव्हते. त्याला केवळ पार्सल मिळे. येथे काम करणाऱ्या ३६ जणांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीयच होते. अन्नाला त्यांचा हात चालत होता; टेबलाशी त्यांच्या बांधवांचे बसणे चालत नव्हते.

९/१४
२ जुलै १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली. उपाहारगृहे, हॉटेले, नाट्यगृहे यांत वर्णावरून भेद करण्यास त्याने बंदी घातली. मॅक्लंग कुटुंब न्यायालयात गेले. ‘आमचे दुकान स्थानिक आहे, गिऱ्हाईकही स्थानिक, आम्ही कोणाला बसवावे हे वॉशिंग्टनने का ठरवावे?’ असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खालच्या न्यायालयात त्यांची सरशीही झाली.

१०/१४
सरकारपुढील अडचण जुनी होती. वर्णभेदाविरुद्धचा असाच एक कायदा १८७५ मध्ये झाला होता. पण चौदाव्या घटनादुरुस्तीतील समतेचे बंधन राज्यसंस्थेवर आहे, खासगी दुकानदारावर नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे १९६४ मध्ये संसदेने प्रामुख्याने दुसऱ्या अधिकाराचा आधार घेतला: राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन. आता प्रश्न असा झाला, की अलाबामातील या एका बार्बेक्यूच्या दुकानाचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध काय?

११/१४
उत्तर मांसात होते. आधीच्या बारा महिन्यांत दुकानाने सुमारे दीड लाख डॉलरचे खाद्यपदार्थ घेतले होते. त्यांपैकी ६९,६८३ डॉलरचे, म्हणजे ४६ टक्के, मांस स्थानिक पुरवठादाराने राज्याबाहेरून आणलेले होते. परराज्यांतील प्रवासी तेथे जेवतात असा दावा सरकारनेही केला नव्हता. सारा भार त्या मांसाच्या प्रवासावर होता. १४ डिसेंबर १९६४ रोजी न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी न्यायालयाचा एकमुखी निकाल दिला. एका दुकानाचा परिणाम नगण्य असला, तरी अशा सर्व दुकानांचा एकत्रित परिणाम देशाच्या व्यापारावर होतो. म्हणून कायदा वैध. परराज्यातून आलेल्या मांसाने माणसासाठी दार उघडले, ते असे.

१२/१४
पार्सलचा प्रश्न तरीही पुरता सुटला नव्हता. साउथ कॅरोलायना राज्यात मॉरिस बेसिंजर यांच्या ‘पिगी पार्क’ या बार्बेक्यू दुकानांविरुद्ध अ‍ॅन न्यूमन आदींनी दावा लावला. त्यांतील पाच दुकाने गाडीत बसल्या बसल्या खाद्यपदार्थ देणारी होती. बहुतेक गिऱ्हाईक आवारात खात नसल्याने कायदा त्यांना लागू नाही, असे जिल्हा न्यायालयाने १९६६ मध्ये ठरवले. वरिष्ठ न्यायालयाने ते मत १९६७ मध्ये फिरवले. पुढे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा दाव्यात जिंकणाऱ्या फिर्यादीला वकिलाचा खर्च सामान्यतः मिळालाच पाहिजे. कारण तो केवळ स्वतःसाठी लढत नसतो.

१३/१४
मराठी वाचकाला यात काही अनोळखी वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, ते हे साम्य ओळखूनच. १९५० च्या भारतीय संविधानात अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा हक्क थेट लिहून ठेवला. तेथे मांसाचा हिशेब मांडण्याची गरज नव्हती. तरीही हॉटेलाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी मराठी दलित आत्मकथनांतून पुढेही भेटत राहते. अमेरिकेत कायद्याला वळसा घालून यावे लागले. भारतात कायदा थेट आला, पण वहिवाट त्याच्या मागे सहजी गेली नाही.

१४/१४
खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना पदार्थ कोठून आला आणि कोणी रांधला, हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ऑलीज बार्बेक्यूचा खटला तिसरा प्रश्न विचारायला लावतो: रांधणाऱ्याला त्याच टेबलाशी बसता येत होते का? ज्या खिडकीतून पेरींसारख्यांनी स्वतःचा धंदा उभा केला, तशाच खिडकीपाशी बर्मिंगहॅममध्ये माणसे चार दशके ताटकळत उभी राहिली. खिडकी दोन्हीकडे सारखीच होती. आत येण्याची मुभा मात्र सारखी नव्हती.