पत्रातला शब्द आणि साताऱ्याचा विजय

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचताना वतनदारांविषयीचे प्रकरण आले की आम्ही नेहमी थबकतो. परचक्र आले की वतनाच्या लोभाने ही मंडळी शत्रूशी आधीच संधान बांधतात, असा अमात्यांचा निष्कर्ष आहे. ज्या पुरुषाने राजारामकाळात वतनांची आश्वासने देऊन माणसे जोडली, त्याच्याच लेखणीतून सुमारे पाव शतकाने ही कडवट वाणी उतरावी, हे वरवर पाहता विसंगत वाटते. या विसंगतीचा उलगडा १६८९-९० या दोन वर्षांत शोधावा लागतो.

मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. राजाराम तोवर वेषांतर करून दूर दक्षिणेत जिंजीकडे निघून गेले होते. राजा परमुलखात, राजधानी शत्रूकडे, खजिना रिता, अशी अवस्था होती. अशा वेळी गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांपुढे प्रश्न साधा होता : आपले वतन कोणाच्या सनदेने टिकेल? बादशहा मनसबी देऊ करीत होता आणि त्या देण्याचे बळ त्याच्याजवळ दिसत होते. अनेक जण तिकडे गेले. त्यांना सरसकट फितूर म्हणणे सोपे आहे; परंतु पिढीजात वृत्ती राखण्यापलीकडे राज्य नावाची वस्तू त्यांतल्या कित्येकांनी अनुभवलीच नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

राजारामांच्या बाजूला शिल्लक होते ते मुख्यतः शब्द. जिंजीहून मार्च १६९० मध्ये बाजी सर्जेराव जेधे यांना गेलेले पत्र मराठी गद्याच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावे असे आहे. हे राज्य तुम्हां मराठ्यांचेच आहे, तुम्ही मनावर घेतले तर शत्रूची मातब्बरी ती काय, असा त्याचा आशय. आर्जव आणि आवाहन यांचा असा मेळ त्या काळच्या राजपत्रांत विरळा. पण शेकडो कोसांवरून, राजधानी गमावलेल्या राजाने लिहिलेल्या या शब्दाला बाजारात किंमत किती होती? जो मुलूख शत्रूच्या ताब्यात आहे, त्याच मुलखातली वतने राजाराम लिहून देत होते. ती एक हुंडीच होती. ती वटेल की नाही, हे रणांगणावर ठरणार होते.

दोन महिन्यांनी, मे १६९० मध्ये, साताऱ्याजवळ ती वटली. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी रुस्तुमखान ऊर्फ सर्जाखान या नामांकित मोगल सरदाराचा पराभव केला. खान जखमी होऊन कुटुंबासह सापडला, छावणी लुटली गेली आणि एक लाख रुपये भरून त्याला सुटका करून घ्यावी लागली. त्याच वर्षात प्रतापगड, राजगड, तोरणा व रोहिडा हे किल्ले मराठ्यांकडे परत आले.

बादशहाच्या अफाट सैन्याच्या मानाने हे नुकसान मोठे नव्हते. एका लढाईने युद्धाचे पारडे फिरत नाही. मग फिरले काय? कुंपणावर बसलेल्याचा हिशेब फिरला. बादशाही सरदारही कैद होतो, दंड भरतो, हे लोकांनी पाहिले. ज्याला आपण आज ‘मनोबल’ म्हणतो, त्याला जुना साधा शब्द ‘धीर’. दुसऱ्याच्या धीरावर आपला धीर उभा राहतो. शेजारचा देशमुख परत फिरला की आपल्यालाही फिरण्याचे बळ येते. पत्राने जे मागितले होते, ते विजयाने शक्य कोटीत आणले.

संताजीने बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, ही बखरींतली कथाही याच प्रकाशात वाचावी असे आम्हांस वाटते. विद्यार्थी विचारतात, हे खरेच घडले का? प्रश्न रास्तच आहे. पण ही कथा इतकी का सांगितली गेली, हाही प्रश्न तितकाच ऐतिहासिक आहे. कळस गेला आणि बादशहा वाचला, एवढेच ती सांगते. शत्रू अजिंक्य नाही, इतके पटवायला तेवढे पुरेसे असते.

पुढे १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडली गेली. खान तिथेच मेला आणि खानाजादखानाने वीस लाखांच्या खंडणीवर सुटका करून घेतली. संताजीचे नाव ऐकून मोगल सरदारांची काय गत होई, हे त्या पक्षाच्या खाफीखानानेच लिहून ठेवले आहे. तोच संताजी १६९७ मध्ये स्वकीयांच्या वैरातून मारला गेला. १६९८ मध्ये जिंजीही पडली. विजयाने आलेला धीर एका सेनापतीपुरताच असता, तर इथे सारे संपायला हवे होते. तसे झाले नाही. रायगड पडला तेव्हा माणसे पांगली होती. जिंजी पडली तेव्हा युद्ध चालूच राहिले आणि १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतरही मराठे मैदानात होते.

अमात्यांची कडवट वाणी आता वेगळी ऐकू येते. वतन देऊन माणूस आणता येतो, हे त्यांनी करून पाहिले होते. आलेला माणूस टिकतो तो जिंकण्याच्या आशेवर, हेही त्यांनी पाहिले होते. आशा सरली की तो पुन्हा हिशेब मांडू लागतो. ‘आज्ञापत्रा’त वतनदारांवरचा अविश्वास आणि दुर्गांवरचा भरवसा एकाच ग्रंथात नांदतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे. १६९० चा विजय घडवणाऱ्यांतला हा एक गृहस्थ, राज्य पुन्हा कधी एका विजयाच्या आशेवर तगून राहू नये, याची तजवीज लिहीत होता.